आपोआप बंद होणारा चार्जर

काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. लग्न केलं नाही, आणि चारचौघांत कायम मूग गिळून बसलेले. जिन्याखालच्या खोलीत ते दिवसभर चार्जरची सर्किटं जोडत बसायचे. टॉर्चची, खेळण्याची, दाढीच्या मशीनची, बॅटरी कुठलीही आणा, तिला सोसेल तेवढाच करंट देणारा चार्जर ते बनवून देत. ती भरली की लाल दिवा हिरवा व्हायचा. एकदा मी डबा द्यायला गेले, तर काका त्या दिव्यालाच विचारत होते, "झालं का रे?" मी हसू दाबत डबा टेबलावर ठेवला.

वरच्या मजल्यावरच्या निवृत्त शाळाबाई तेवढ्या यायच्या. सकाळी रेडिओचे सेल चार्जिंगला ठेवायच्या, संध्याकाळी न्यायला आल्या की स्टुलावर बसून अख्ख्या इमारतीची हजेरी घ्यायच्या. काका नुसते हूं हूं करायचे. पण बाई यायच्या त्या दिवशी दाढी मात्र न चुकता केलेली असायची.

मग बाईंचे गुडघे कुरकुरायला लागले. कठडा धरून उतरताना काकांनी त्यांना पाहिलं आणि त्यांच्यासाठी चार्जर बनवायला घेतला, सेल भरले की आपोआप बंद होणारा. मी चिडले. म्हटलं, हा दिलात तर त्या खाली कशाला येतील? तुमच्याशी बोलायला कोण उरेल? सोल्डर करता करता काकांनी मानही वर केली नाही. "त्यांना जिना झेपत नाही," एवढंच म्हणाले.

चार्जर फक्कड चालला. बाई यायच्या बंद झाल्या. स्टुलावर जुने ट्रान्सफॉर्मर साचले, काकांची दाढी वाढली, डबा अर्धा परत येऊ लागला. वरून रेडिओ ऐकू आला की ते हातातलं काम थांबवून ऐकत बसायचे. जरा वर जाऊन या म्हणून मी कानीकपाळी ओरडले. पण काही काम नसताना कसं जायचं, हे त्यांचं पालुपद.

एका संध्याकाळी मी तिथेच असताना बाई हळूहळू उतरून आल्या. चार्जर टेबलावर ठेवला, बंद पडलाय म्हणाल्या. काकांनी वायर हातात घेतली. ती कात्रीने सरळ कापलेली होती.

काकांनी स्टुलावरचे ट्रान्सफॉर्मर खाली ठेवून स्टूल पुसलं.

"बाई, पुढच्या वेळी वायर कापू नका," ते म्हणाले. "हाक मारा. मी वर येईन."

बाई गुडघा चोळत बसल्या.

"गुडघे तर तुमचे धड आहेत," त्या म्हणाल्या. "इतके दिवस काय अडलं होतं?"