शेवाळाच्या अर्काचा सत्कार

चहा ओता आधी. हे ऐकताना तुम्ही माझ्यावर हसणार, आणि तोंड लपवायला मला निदान कप तरी पाहिजे!

नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. मी कोल्हापुरात मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. करत होतो. सकाळी दातांवर जीभ फिरवली की बुळबुळीत लागतं ना? तो जंतूंनी एकत्र येऊन बांधलेला थर. बायोफिल्म म्हणतात त्याला. एकदा तो जमला की आतले जंतू औषधालाही दाद देत नाहीत. सूक्ष्म शेवाळाच्या अर्कानं तो थर मोडायचा, हा माझा प्रबंध. शेवाळ आणलं गडमुडशिंगीच्या मामांच्या विहिरीतून. लॅबमध्ये वाढवलं, वाळवलं, वाटलं, स्पिरिटमध्ये भिजवून अर्क काढला.

आणि काय सांगू! अर्क घातला की काचेवरचा थर साफ! काच इतकी लखलखीत, की त्यात मला चौकातला माझा पुतळाच दिसायला लागला.

आमचे गाईड सर चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "अरे, पेटंट घ्यायचं हं याचं! माझं नाव आधी टाक."

तिथंच गप्प बसायचं की नाही? पण मी मामांना सांगितलं. मामा गावातल्या दूध संस्थेचे चेअरमन. म्हणजे कुणाचा तरी सत्कार करायचा राहून जाईल, या काळजीनं झोप न लागणारा माणूस.

"म्हंजे आपल्या हिरीतलं शेवाळ जंतू मारतंय?"

"मारत नाही मामा, त्यांचा थर मोडतं."

"त्येच की रं! सत्कार करूया."

झालं! संस्थेच्या फळ्यावर खडूनं माझं नाव, पुढं 'थोर शास्त्रज्ञ'. शाल, नारळ, फेटा. मामांनी दुधाचा एक कॅन पुढं ठेवला. झाकणाच्या रबराखाली बुळबुळीत थर होता. मी फडक्यावर अर्क घेतला आणि ऐटीत पुसला. लख्ख! टाळ्याच टाळ्या.

मागून कुणीतरी ओरडलं, "पावणं, वास वळकीचा येतोय की!"

सगळे हसले. मीही हसलो. अहो, तेव्हाच नाक वापरलं असतं तर!

मग तोंडी परीक्षा आली. बाहेरगावच्या परीक्षक बाई आल्या होत्या. दवाखान्यातल्या नळ्यांपासून कारखान्यातल्या पाइपांपर्यंत सगळं जग माझा अर्क कसा स्वच्छ करणार, हे मी त्यांना फेटा बांधल्यासारखा ताठ उभा राहून सांगितलं. बाईंनी प्रबंधाचं पान उलटून विचारलं,

"नुसतं स्पिरिट घालून बघितलंत का?"

हा प्रश्न पहिल्या वर्षाच्या पोरालाही सुचतो! मला सुचला नव्हता. मी सरांकडं बघितलं. सर छताचा पंखा बघत होते.

"मॅडम, ते… गृहीत धरलं होतं."

"काय गृहीत धरलं होतं?"

तेही मला माहीत नव्हतं!

बाईंनी प्रयोग करून दाखवायला लावला. नुसतं स्पिरिट घातलं. शेवाळाचा पत्ता नाही, तरी थर साफ! सर लगेच म्हणाले, "मी याला आधीपासून सांगत होतो." पेटंटवर नाव आधी सरांचं, आणि आता या शेणात पाय माझ्या एकट्याचा!

पुढं ऐका. बाई म्हणाल्या, स्पिरिट पूर्ण उडवून टाका आणि उरलेला अर्क पाण्यात कालवून घाला. घातला. दुसऱ्या दिवशी बघतो तर थर गेला नाहीच, उलट जाड झाला! माझं शेवाळ खाऊन जंतू गुटगुटीत झाले होते. मी त्यांना मारायला निघालो होतो की बाळंतपणाला माहेरी आणलं होतं?

मान खाली घालून मामांना सगळं सांगितलं. वाटलं, आता घालतात शिव्या. पण मामा विचारात पडले.

"जंतूंनी अंग धरलं म्हंतोस?"

"हो."

"मग म्हशीला घालून बघूया की!"

उरलेलं सगळं शेवाळ पेंडीत कालवून म्हशीपुढं ठेवलं. तिनं हुंगलं, जोरात फुसकारलं आणि तोंड फिरवलं.

आता ही म्हैस कसली, तेही सांगतो. आदल्याच आठवड्यात तिनं मामांचा अर्धा टॉवेल खाल्ला होता. माझ्या संशोधनाला मात्र तोंड लावलं नाही!