पालथा हंडा

“पोटातल्या पाण्यानं माणूस मरत नाय, श्वास थांबतो म्हणून मरतो,” असं डॉक्टर वंदना एकदा सापगावच्या शाळेत म्हणाली होती. ती रबरी बाहुल्याच्या तोंडाला तोंड लावून फुंकत होती, म्हणून बायका पदराआड हसल्या. मागे बसलेला तिचा चुलता केरूकाका हसला नाही.

वंदना इथल्याच भातसा नदीत पोहायला शिकली. धाकटा भाऊ इंद्रजीत काठावर तिचे कपडे सांभाळत बसे. पुढे ती पुण्याच्या क्रीडा वसतिगृहात गेली, आणि तिथून ऑलिम्पिकला. पहिल्याच फेरीत मागे पडली, तरी गावाने कमान उभारली. त्या कमानीखालून ती आली तेव्हा इंद्रजीत नव्हता. ती तिकडे पोहत होती त्याच दिवसांत तो डोहात बुडाला. केरूकाकाने त्याला बाहेर काढलं, रीतीप्रमाणे पालथ्या हंड्यावर पोटावर घातलं आणि पाठ दाबत राहिला. पाणी निघालं. पोरगं गेलं.

वंदनाने पोहणं सोडलं. डॉक्टर झाली, शहापुरात दवाखाना टाकला. सुट्टीच्या दिवशी बाहुला घेऊन नदीकाठच्या गावांत जायची. स्वतः मात्र पुन्हा पाण्यात उतरली नाही. काकाचा हंडा पडवीत पालथाच पडून होता. त्याने पाणी कुणी भरलं नाही, मोडीतही घातला नाही.

गेल्या उन्हाळ्यात काकाची नात प्रियांका त्याच डोहात बुडाली. तिला काठावर आणेपर्यंत कुणीतरी पळत जाऊन तोच हंडा आणला. काकाने तो लाथेने उडवला. पोरीला उताणी निजवली, शाळेत पाहिलं होतं तसं नाक दाबून फुंकत राहिला. पोरगी खोकली.

दवाखान्यात वंदनाने तिची छाती पुन्हा पुन्हा ऐकली. धोका टळलाय, तरी आज इथंच राहू दे, म्हणाली.

“म्हाताऱ्याची दाढी टोचली, म्हणून उठली गो,” काकी गीताबाई म्हणाली. वंदनाही हसली.

काका खाटेच्या पायथ्याशी उभा होता. आपल्या हातांकडे बघत म्हणाला, “वंदे, इंद्रजीतला हंड्यावर घातला ना, तवा त्याचं काळीज धडधडताना माज्या हाताला लागत व्हतं. श्वास तेवढा नव्हता.”

मग त्याने वंदनाकडे पाहिलं.

“तवा मी फुकलं असतं तर?”

वंदनाने गळ्यातली नळी काढली, प्रियांकाच्या उशाशी ठेवली. काकाच्या अगदी जवळून ती दाराकडे गेली, आणि बाहेर पडली.