लोरेनाची तिसरी बुडी

माझ्या घरात विद्यापीठाच्या पोरी भाड्याने राहतात. विद्यापीठ आमच्या चर्चचं, त्यामुळे पोरींनी रात्री किती वाजता घरात यायचं, काय ल्यायचं, काय प्यायचं, सगळ्याला नियम. ते पाळले जातात की नाही हे बघायला मी बसलेय. पोरी तोंडावर मला चर्चच्या रीतीप्रमाणे सिस्टर टटल म्हणतात आणि माझ्या माघारी जेलर. म्हणू देत बापड्या. माझ्या घरातून आजवर एकाही पोरीला विद्यापीठाने काढलेलं नाही. लोरेना बेर्तोनी मात्र जाता जाता राहिली.

ती डोंगरापलीकडच्या कोळशाच्या खाणींच्या गावची. आई इटालियन, कॅथलिक. आमच्या विद्यापीठात असे बाहेरचे विद्यार्थी अगदी मूठभर. त्यांना कुणी छळत नाही, उलट इतकं गोड वागतात की बिचारे गुदमरतात. दर आठवड्याला कुणीतरी बिस्किटांची ताटली घेऊन दारात हजर. तिच्या खोलीतली शॉना तर तिने आमच्या चर्चमध्ये यावं म्हणून उपास करायची, आणि तिला कळेल अशा बेताने करायची. लोरेना सगळ्यांना थँक्यू म्हणायची आणि खाली मान घालून अभ्यासाला बसायची. तिचा धाकटा भाऊ जन्माचा बहिरा. अशा मुलांना बोलायला शिकवायचं शिक्षण ती घेत होती, आणि ते शिक्षण घराच्या जवळपास आमच्याकडेच मिळत होतं.

पोर गुणी, पण भित्री. दाराची घंटा वाजली की दचकायची. आईकडून आली की कोट आधी मागच्या व्हरांड्यात वाऱ्याला टांगायची. मी मनात म्हटलं, आईकडे कॉफी पीत असणार, वासाला भीत असणार. आमच्यात कॉफी वर्ज्य, आणि विद्यापीठाचा नियम बाहेरच्यांनाही लागू. मी मुद्दाम कोट हुंगला नाही. उगाच नसतं लचांड कशाला मागे लावून घ्या.

तिची खरी भीती वेगळीच होती. मला ती नंतर कळली, पण तुम्हाला आत्ताच सांगते. तिचा बाप आमच्यातला. आठ वर्षांची झाल्यावर त्याने आमच्या रिवाजाप्रमाणे तिला पाण्यात बुडवून बाप्तिस्मा दिला. वर्षभरात नवरा-बायकोचं फाटलं, बाप नेवाडात गेला तो गेलाच, आणि आईने पोरीला आपलं आडनाव देऊन आपल्या चर्चला न्यायला सुरुवात केली. कुणाच्या तरी ढिलाईने तिचं नाव आमच्या नोंदीत चढलंच नव्हतं. पोरीच्या लेखी तो लहानपणचा एक गार दिवस होता. प्रवेशाच्या वेळी तिने सरळ कॅथलिक म्हणून सांगितलं.

आणि इथे नियम असा, की जो कधीच आमचा नव्हता तो खुशाल शिकू शकतो. पण जो एकदा पाण्यात उतरला आणि मग पाठ फिरवून गेला, त्याला जागा नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी कळलं तरी नाही. हे तिला पहिल्या वर्षी कळलं, तिच्या वर्गातला एक मुलगा अचानक यायचा बंद झाला तेव्हा. त्याने विश्वास उरला नाही म्हणून चर्च सोडलं होतं. त्या दिवसापासून ही पोर जीव मुठीत धरून जगत होती.

शेवटच्या सत्रातला मार्च महिना. रविवारी दुपारी मी पोरींना जेवायला बोलावते. भाजलेलं मांस, चीज घातलेले बटाटे आणि गाजराचा कीस घालून केलेली माझी हिरवी जेली. पोरी तिला नाकं मुरडतात आणि दोनदा घेतात. त्या रविवारी माझा थोरला भाऊ डिलॉयही होता. त्याची नोकरी सगळी डोंगरापलीकडच्या वीजकेंद्रात गेली. बायको मर्ला वारल्यावर तो माझ्या शेजारच्या घरात राहायला आला. खरेपणात त्याचा हात धरणारा कुणी नाही. चर्चच्या बास्केटबॉल सामन्यात पंच असताना पोटच्या पोराला फाउल देऊन आपलाच संघ हरवलेला माणूस तो. महिनाभर त्याच्याशी घरात कुणी बोललं नव्हतं.

तो जेवता जेवता लोरेनाकडे बघत होता. मग म्हणाला, "तू ग्लेड जेप्सनची मुलगी ना गं?"

लोरेनाच्या हातातला काटा ताटलीवर वाजला.

"बापाचे डोळे घेतलेस अगदी," डिलॉय खुशीत आला. "अगं, तुझ्या बाप्तिस्म्याला मी साक्षीदार होतो! तीनदा बुडवावं लागलं तुला."

त्याने सगळी गोष्ट रंगवून सांगितली. आमच्यात माणूस आख्खा पाण्याखाली जावा लागतो. केसाचं टोक जरी वर राहिलं तरी पुन्हा पहिल्यापासून. ते बघायला हौदाच्या काठावर दोन साक्षीदार उभे असतात. पहिल्यांदा तिची वेणी तरंगली, दुसऱ्यांदा टाच वर आली, तिसऱ्यांदा गेली एकदाची खाली. डिलॉय पोट धरून हसला. आणि शॉना उठून लोरेनाच्या गळ्यातच पडली. रडतेय, हसतेय, एकच धोशा, तू आमचीच आहेस, तू पहिल्यापासून आमचीच आहेस. लोरेना तिच्या मिठीत लाकडासारखी उभी. चेहरा पांढराफटक. तिला काय झालं ते मला अजून कळत नव्हतं.

शॉनाने त्याच संध्याकाळी आनंदाच्या भरात बिशपना फोन केला. पोरीच्या मनात पाप नव्हतं हो. पण डोकंही नव्हतं. बिशपनी लोरेनाला बुधवारी भेटायला बोलावलं.

त्या रात्री भांडी घासताना लोरेनाने मला सगळं सांगितलं. हात साबणाच्या पाण्यात, मान खाली. मी व्यवहाराचं बोलले. म्हटलं, हातातोंडाशी आलेला घास आहे, घालवू नकोस. परत येते म्हणून सांग, दोन महिने रविवारी चर्चमध्ये बस, पदवी घे आणि जा.

"आणि त्यांनी विचारलं, तुझा यावर विश्वास आहे का?"

"हो म्हण."

"तुम्ही म्हणाल का असं, सिस्टर टटल? नसताना?"

ताटली पुसत बसले, कोरडी होती तरी.

डिलॉयला मी झाडला. म्हटलं, तुझ्या जिभेला हाड नाही, पोरीचं वाटोळं केलंस. त्याला तो नियम माहीतच नव्हता, तो बिचारा वीजकेंद्रातला माणूस. ऐकलं आणि खुर्चीत बसला. नंतर दोन दिवस माझ्या दारापुढून नुसत्या फेऱ्या मारत होता, आत आला नाही. लोरेनाने पुस्तकं खोक्यांत भरली. जेवण नाही, झोप नाही. जिन्यात पाऊल वाजलं की श्वास रोखून धरायची. शॉना तिच्यासाठी केक करत होती.

बुधवारी मी तिच्याबरोबर गेले. आमच्यात बिशपही पोटासाठी दुसरं काम करतात; हे दातांचे डॉक्टर, दवाखाना आटोपून चर्चमधल्या खोलीत बसतात. माणूस वाईट नाही, आणि त्याचीच जास्त भीती वाटते. डिलॉयलाही त्यांनी बोलावलं होतं. लोरेनाने माझा हात असा आवळला होता की अंगठी रुतत होती.

बिशप म्हणाले, नोंदीत काही नाही, बाप वारला, दुसरा साक्षीदारही वारला. बाप्तिस्मा झाला असेल तर तो मला मानावाच लागेल आणि मग मुलीला उत्तर द्यावं लागेल, आत की बाहेर. ते डिलॉयकडे वळले.

"ब्रदर निल्सन, सगळं तुमच्या शब्दावर आहे. तिसऱ्या वेळी ती पूर्ण पाण्याखाली गेली होती?"

डिलॉय गुडघ्यावरच्या टोपीकडे बघत होता. मला वाटलं, संपलं. हा माणूस जन्मात खोटं बोललेला नाही. लोरेनाने डोळे मिटून घेतले होते.

"नाही," डिलॉय म्हणाला.

बिशप म्हणाले, "पण रविवारी जेवताना तुम्ही सांगितलंत म्हणे, की गेली."

"जेवताना माणूस गोष्ट रंगवून सांगतो. टाच वरच होती. पोर थंडीने काकडत होती, बाप चिडला होता, म्हणून मी मान हलवली." मग त्याने वर बघितलं, थेट बिशपांच्या डोळ्यांत. "पुरोहितपणाच्या शपथेवर सांगतो." आमच्यात चर्च साध्या पुरुषांनाही पुरोहितपण देतं, आणि त्याच्या शपथेपुढे दुसरी शपथ नाही.

बिशप त्याच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, असं असेल तर तो बाप्तिस्मा झालाच नाही, आणि चर्चचं सदस्यत्व त्यावरच उभं असतं म्हणून तेही नाही. मिस बेर्तोनी आमच्या पाहुण्या आहेत, होत्या तशाच. त्यांनी लोरेनाशी हस्तांदोलन केलं. ती बाहेर येऊन भिंतीला टेकली आणि खालीच बसली. हसूही येईना, रडूही येईना.

परतताना गाडीत मी डिलॉयला विचारलं, खरंच टाच वर होती? तो म्हणाला, समोर बघून गाडी चालव.

पुढच्या रविवारी लोरेना आपण होऊन चर्चमध्ये आली आणि आमच्या दोघांच्या मध्ये बसली. प्रसादाच्या भाकरीचा ट्रे बाकावरून हातोहात येऊ लागला. तो आधी डिलॉयकडे आला. त्याने घेतला, भाकरीला हात लावला नाही आणि लोरेनाकडे सरकवला. आमच्यात जो स्वतःला लायक समजत नाही, तो असा ट्रे पुढे देतो, आणि आख्खं बाक बघतं. कुणी त्याच्यावर बंदी घातली नव्हती. मर्ला गेल्यापासून हा माणूस एकाच आशेवर जगतोय, की पलीकडे ती भेटेल. खोटी शपथ वाहिलेल्याला तिथलं दार बंद असतं, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं असतं.

लोरेना चार वर्षं आमच्यात राहिलेली. तिला अर्थ सांगावा लागला नाही. ट्रे ती पुढे देईना, शेवटी मी काढून घेतला.

एप्रिलमध्ये तिला पदवी मिळाली. आता ती बहिऱ्या मुलांना शिकवते. नाताळात भावाला घेऊन डिलॉयकडे येते. मी एकदा डिलॉयला म्हटलं, आता पोर सुटली, जाऊन बिशपांना सांगून मोकळा हो, पश्चात्तापाला वाट आहे आपल्यात. तो म्हणाला, "सांगितलं की तो बाप्तिस्मा मान्य करावा लागेल त्यांना. मग तिची पदवी कशावर उभी राहील?"

बिशप दर रविवारी व्यासपीठावरून बघतात. डिलॉय ट्रे पुढे देतो. ते कधी काही विचारत नाहीत. डिलॉय आता ऐंशीच्या घरात आहे, आणि तो ट्रे माझ्याकडे सरकवताना मला त्याच्याकडे बघायची भीती वाटते.