एल्मर साहेबांचा घोडा

आखातातून आम्ही ब्लँकेटं आणली, टेपरेकॉर्डर आणले. ब्लँकेटं विरली, टेपरेकॉर्डर बिघडले. किस्से तेवढे राहिले. आणि त्यांचं असं आहे, एक ओढला की त्याला धरून दुसरा बाहेर येतो. आज एल्मर साहेबांचे ओढतो. सावकाश ऐका, मला घाई जमत नाही.

तेलाचा पैसा नुकता वाहायला लागला होता. जेद्द्याच्या बाहेर आमचा कॅम्प. मी सुतार, चिपळूणकडचा. खोलीत महाडचा गजा वेल्डर आणि दाभोळचे हसनभाई ड्रायव्हर. हसनभाईंना अरबी यायची, म्हणून त्यांचा रुबाब मोठा. आणि आमच्या डोक्यावर कॅम्प-बॉस एल्मर साहेब, सत्तरीचे अमेरिकन. आमच्यात राहून हिंदी शिकले होते. त्यांचं बोलणं मी मराठीतच सांगतो.

साहेब बोलायला लागले की थांबायचं नाव नाही! एकदा चहाच्या वेळी म्हणाले, "मी सिनेमात होतो. काउबॉय! तेव्हा सिनेमाला आवाज नव्हता."

गजाने कप खाली ठेवला. "होय काय? म्हणजे तेव्हाचं राहिलेलं आता बोलून घेताय!"

सगळ्यांत जास्त साहेबच हसले.

*

साहेब मूळचे माझ्याच धंद्यातले. सुतार! स्टुडिओत खोटं गाव उभं करायचे. पुढून बघाल तर बँक, गुत्ता, पोलिसचौकी. मागून नुसते टेकू.

एक दिवस गोळी खाऊन छपरावरून पडणारा माणूस कामावर आलाच नाही. डायरेक्टरने साहेबांच्या हातातला हातोडा काढून घेतला आणि त्यांना छपरावर चढवलं. साहेब असे झकास पडले, की दुसऱ्या दिवसापासून मरायचीच ड्यूटी!

"सकाळी शेरीफ म्हणून मेलो," साहेब सांगायचे, "जेवलो, आणि दुपारी डाकू म्हणून मेलो."

"आवो साहेब," हसनभाई म्हणाले, "मग शेरीफच्या मयताला कोण गेलं?"

"मीच. तिसरा शर्ट घालून."

*

असं मरता मरता साहेब हिरो झाले. मग बोलपट आले आणि घात झाला. साहेबांचा आवाज बारीक. डाकूवर पिस्तूल रोखून "हात वर!" म्हणाले की अख्खं थेटर हसायचं. सिनेमातलं काम सुटलं. साहेब तेलाच्या विहिरींवर कामाला लागले आणि फिरत फिरत अरबस्तानात आले.

इथे त्यांना आमच्या कफीलाने, म्हणजे ज्यांच्या नावावर आम्ही तिथे राहायचो त्या शेखनी, ओळखलं. शेख तरुणपणी शिकायला कैरोला होते, तिथे साहेबांचे सगळे सिनेमे बघितलेले. हेड ऑफिस दर वर्षी म्हणायचं, माणूस म्हातारा झाला, परत पाठवा. शेख दर वर्षी म्हणायचे, "घोडेस्वार म्हातारा होत नाही!" की झाला इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, पुढे चालू. साहेबांचं तिकडे कुणी उरलं नव्हतं. कॅम्प हेच घर.

एका शुक्रवारी साहेबांच्या जुन्या दोस्ताने पाठवलेला एक सिनेमा मेसच्या भिंतीवर लावला. शेखही आले. काय तो घोडा, काय ती दौड! आम्ही शिट्ट्या मारून दमलो.

मधेच गजा म्हणाला, "साहेब, घोडा पळायला लागला की तुमची पाठच का हो दिसते?"

साहेबांना एकदम खोकला आला. पाणी प्यायला गेले ते सिनेमा संपल्यावरच आले!

*

पुढे शेखच्या मुलाचं लग्न ठरलं. शेखनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "पाहुण्यांपुढे आम्ही दोघं घोड्यावरून येणार. मी आणि माझा काउबॉय!"

त्या संध्याकाळी साहेब माझ्या वर्कशॉपमध्ये आले आणि दार लावून घेतलं.

"मिस्त्री, मी जन्मात घोड्यावर बसलेलो नाही."

मी रंधा खाली ठेवला.

"तोंड दाखवायचं असलं की लाकडी घोडा. दोन माणसं तो हलवायची, तिसरा धूळ उडवायचा. लांबून दौडायचा तो दुसराच माणूस, माझी टोपी घालून. शेखना कळलं तर इकामा खलास. लाकडी घोडा करशील? थोडी सवय तरी होईल."

केला. ड्रमला फळ्या ठोकल्या, वर रग टाकला. गजाने नुसता एक हिसका दिला आणि साहेब खाली!

"पडण्यात तर तुम्ही उस्ताद ना, साहेब?"

"अरे, तेव्हा खाली गाद्या असायच्या!"

मग काय, लग्न होईपर्यंत आमच्या गाद्या घोड्याखाली आणि आम्ही प्लायवुडवर. कुणाची तक्रार नाही. साहेब मात्र पडतच राहिले.

*

लग्नाचा दिवस. शामियाना, पाहुणे, ढोल. दोन पांढरे घोडे आणले, एवढे उंच, की आम्हालाच घाम फुटला. साहेब टोपी घालून आले. खोगिरावर हात ठेवला. घोडा फुरफुरला. साहेबांनी हात काढून घेतला, टोपी उतरवली.

"हसन, शेखना सगळं सांग. लपवू नकोस. उद्याच्या विमानाने जातो म्हणावं."

"साहेब, थांबा जरा. पोट दुखतंय म्हणून सांगतो!"

"नाही. खरं सांग."

हसनभाईंनी सांगितलं. लाकडी घोडा, धूळ, टोपी, दुसरा माणूस, सगळं. शेख ऐकत राहिले. चेहरा दगडासारखा. पाहुणे तिकडे टाळ्या वाजवून बोलावतायत, यल्ला, यल्ला! गजाने माझा दंड धरला. "संपलं रे, मिस्त्री."

शेखनी एकदा पाहुण्यांकडे बघितलं, एकदा घोड्याकडे. मग हसनभाईंना जवळ ओढून कानात काहीतरी म्हणाले. हसनभाईंनी तोंडावर रुमालच धरला.

"काय म्हणाले?" साहेबांचा बारीक आवाज आणखी बारीक झाला.

"साहेब, शेख विचारतायत, तुमच्या टोपीतला तो दुसरा माणूस आत्ता इथं मिळेल काय? घोड्याला शेखपण घाबरतात!"