मागल्या दाराची कडी

नवऱ्याला मी जन्मभर सगळं सांगत आले — त्याला ऐकायचं नसलं तरी. नातवंडांना तर माझ्या लबाड्या पाठ आहेत. ही एक तेवढी कुणापाशी काढली नाही. तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. बसा जरा. एका दमात जमणार नाही.

गोष्ट मांजराची आहे. मांजरावरून एवढं काय, असं वाटेल तुम्हाला. मलाही इतकी वर्षं तसंच वाटून घ्यायचं होतं.

गोव्यात अजून पोर्तुगीज होते, तेव्हाची मी सून. सतराव्या वर्षी शिरोड्याहून मालवणात आले. त्या वेळची मी म्हणजे काय — दोन वेण्या आणि एक नाक, तेही सदा फुगलेलं. चार महिने झाले नाहीत तोच मामंजींनी कुडाळच्या बाजारात दुकान घेतलं आणि सगळं बिऱ्हाड तिकडे हललं. म्हणजे वर्षाच्या आत माझी दोन घरं सुटली. पण घरात काळजी कुणाची? ठकीची. आमच्या मांजरीची.

आणि ती काळजी वाहणारी कोण, तर आत्या. मामंजींची थोरली बहीण, लहान वयात विधवा होऊन भावाकडे राहिलेली. मालवणच्या घरात मला जवळची वाटलेली एकच बाई. सासूबाई वाईट नव्हत्या हो, पण त्यांना सून हवी होती. आत्यांना मी हवी होते. रोज संध्याकाळी पडवीत बसून त्या माझे केस विंचरायच्या. गुंता काढताना दुखलं की आपणच ‘आई गो’ म्हणायच्या. त्या फणीवर मी चार महिने काढले — खरंच सांगते.

कुडाळला निघायच्या दिवशी आत्यांनी ठकीला झाकणाच्या करंडीत घातलं, वर गोणपाट टाकलं. वाट दिसली तर मांजर माघारी जातं म्हणे. जुन्या चुलीतली चिमूटभर राख डबीत भरून घेतली आणि पोचल्याबरोबर नव्या चुलीत टाकली. मग ठकीला त्या चुलीभोवती तीनदा फिरवलं. चारी पायांना खोबरेल चोळलं — चाटत बसली की घर अंगाला लागतं! आठ दिवस दारं बंद. कुडाळात मासळी यायची ती दुपारची, शिळावलेली. ठकी हुंगून तोंड फिरवायची, तर आत्या काटे काढून बोटानं भरवायच्या.

मी कोपऱ्यातून बघत होते. शिरोड्याहून आले तेव्हा माझ्या पायांना कुणी तेल चोळलं होतं?

हसा. मीही हसते. सतरा वर्षांची घोडी मांजराचा हेवा करत होती! पण तेव्हा हसू येत नव्हतं. पाचव्या दिवशी संध्याकाळी मी फणी घेऊन आत्यांसमोर बसले. मांडीवर ठकी होतीच. त्या म्हणाल्या, “आज तुजे केस तूच विंचर गो बाय. हिका भियां वाटता.”

हिला भीती वाटते. आणि मला? मला काय वाटत होतं त्या परक्या घरात, जिथं समुद्राचा आवाजसुद्धा नव्हता? एवढी एक बाई माझी होती, तिनंही पाठ फिरवली — असंच वाटलं मला. दगा दिल्यासारखं. मांजरासाठी.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई आडव्या झाल्या होत्या, आत्या विहिरीवर गेल्या होत्या — विहीर परसात, पण ठकी निसटू नये म्हणून पुढल्या दारानं वळसा घालून. मी मागल्या दाराची कडी काढली.

आता यात गंमत बघा, ठकी जाईना. उंबऱ्यावर बसून पाय चाटायला लागली! शेवटी मी वाढवण — केरसुणी हो — घेतली आणि तिला हुसकलं. मग दार तसंच टाकून चटईवर येऊन पडले आणि झोपेचं सोंग घेतलं. घोरलेसुद्धा. सोंगात कमी पडायची नाही मी.

इथवर सांगायला सोपं आहे. मघापासून इथंच घुटमळतेय, ते कळलं असेल तुम्हाला.

सासूबाईंनी उघडं दार पाहिलं आणि घर डोक्यावर घेतलं. “दार उघडां कोणी टाकल्यान?” आत्या ओल्या पातळानिशी धावत आल्या. पांढऱ्याफटक पडल्या होत्या. कुणी त्यांच्याकडे बोटही दाखवलं नव्हतं. तेव्हा मी चटईवर उठून बसले, डोळे चोळले आणि म्हटलं, “आत्यांनीच काढल्यानी कडी. मी बगलंय.”

का म्हटलं? गप्प राहिले असते तरी चाललं असतं. वाऱ्यानं उघडलं म्हटलं असतं तरी चाललं असतं.

आत्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागानं नव्हे — आठवायचा प्रयत्न करत होत्या. मग हळू म्हणाल्या, “माका आठवणा नाय गो. पण तू बगलंस म्हणतंस, तर मीच काढलंय असतलंय.”

कळलं तुम्हाला, काय झालं ते? त्यांना माझ्यावर संशय आलाच नाही. आला तो स्वतःवर.

ठकी तिसऱ्या दिवशी परत आली! आपल्या पायांनी, पोटाला चिखल माखून, थेट चुलीपाशी. सगळं घर हसलं. तेव्हा सांगता आलं असतं. एक थप्पड, फार तर दोन, आणि विषय संपला असता. मी ठकीला दूध घातलं. त्या दिवसापासून ती माझीच झाली. पुढं कितीतरी वर्षं माझ्या मांडीवर झोपली — तिला हुसकणारी कोण, हे तिला तरी ठाऊक होतं ना?

आत्या मात्र दिवसातून दहादा मागल्या दारापाशी जायला लागल्या. कडी लावलेली असायची. हात लावून बघायच्या, पुन्हा बघायच्या. मीठ घातलं का, दिवा लावला का — सगळं मला विचारायचं. “तू बगलंस मा?” मग चुलीजवळ जायलाच घाबरायला लागल्या. सासूबाई म्हणाल्या, वय झालं, डोकं चालत नाही. मामंजींनी ठरवलं, बांद्याला त्यांच्या धाकट्या भावाकडे माणसं पुष्कळ आहेत, लक्ष राहील. माझ्यासमोर ठरलं हे सगळं. मी ताटं वाढत होते.

बांद्याच्या घरात त्या रमल्या नाहीत. दोन वर्षांनी तिथंच वारल्या.

त्या बांद्याला निघाल्या, तेव्हा कुडाळहून त्यांना सकाळच्या एस्टीत बसवायला मी गेले होते. निघायच्या आधी त्यांना चुलीपुढं वाकलेलं मी पाहिलं होतं. डबीत राख भरत होत्या. आमच्या चुलीतली, बांद्याच्या चुलीसाठी.

गाडी सुटताना त्यांनी खिडकीतून माझा हात धरला. दुसऱ्या हातानं कंबर चाचपत होत्या.

“डबी घेतलंय मा गो मी?”

“व्हय आत्या. तुमीच घेतल्यात. मी बगलंय.”

“मगे बरां,” म्हणाल्या.

या वेळी मी खरंच पाहिलं होतं.