मागचं डावं दार

जुन्या गाडीचं सेंट्रल लॉक बिघडलं होतं. किल्ली फिरवली की तीन दारं लागायची, मागचं डावं मात्र उघडंच राहायचं. इलेक्ट्रिशियन रफिकभाईंनी त्या दाराच्या बिजागरीजवळची रबरी नळी सरकवली. आतली एक वायर तुटली होती.

"दार उघडताना दर वेळी वायर वाकते," ते म्हणाले. "हे फार वापरलंय. कोण बसतं इथे?"

"आई."

मला नवल वाटलं. गाडी मी चालवतो; रोज उघडणारं माझं दार कसं टिकलं? मग आठवलं. भाजीवाली दिसली, मैत्रिणीची गल्ली आली, की आई म्हणायची, "थांब जरा," आणि दर वेळी उतरायची. मी चिडायचो. हल्ली ती गाडीत बसायलाच नको म्हणते.

वायर जोडल्यावर चारही दारं एकदम लागली. घरी येऊन मी विचारलं, "आई, येतेस फिरायला?"

कुठे, ते न विचारताच ती चपला शोधू लागली.