क्रूसाची संध्याकाळ माझीच

फिलू, मी निघाले त्या दिवशी टॅक्सीवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता आणि माय मला ओढत गल्लीतल्या क्रूसापाशी घेऊन गेली होती, आठवतं? विमानतळ शेजारी, वाकोल्यात डोक्यावरून विमान गेलं की बोलणं थांबवायचं, ही आपली सवय. ते जाईपर्यंत ती माझा हात धरून उभी राहिली, मग म्हणाली, "क्रूस सगळीकडे एकच असतो गो. जिथं दिसेल तिथं आपली माणसं आहेत असं समज." तू मागे माझी बॅग धरून रडत होतीस. मला वाटलं, बिचारी, हिला इथंच राहायचंय.

आता कोण बिचारी ते तूच बघ.

इथं जर्मनीत म्हाताऱ्यांच्या होममध्ये माझं बरं चाललंय. पगार झकास, हिवाळा भिकार. रविवारी चर्चमध्ये मिसाला आम्ही मूठभर, काही आज्या, केरळच्या नर्सेस आणि एक नायजेरियन कुटुंब. आणि तू मे महिनाभर फोटो पाठवतेस. क्रूसाला झेंडूच्या माळा, प्लास्टिकच्या खुर्च्या, रोझरीच्या प्रार्थनेनंतर वाटायला उकडलेल्या चण्यांचं पातेलं. मी लाइक करते आणि फोन उलटा ठेवते. जळते मी तुझ्यावर, सरळच सांगते. माय गेल्यापासून, क्रूसापाशी आपल्या घराची पाळी येते त्या संध्याकाळी रोझरी सांगायचा मान मोठी बहीण म्हणून माझा, आणि मी तिथं नाही म्हणून दरवर्षी मावशी सांगते.

गेल्या आठवड्यात शिफ्ट सुटल्यावर तुर्की दुकानात चणे आणायला निघाले. म्हटलं, एकटीनं तरी उकडावेत. तर चौकातून माणसं येत होती आणि सगळ्यांत पुढे लाकडी क्रूस! अगं, मे महिना, संध्याकाळ, रस्त्यावर क्रूस. माझं डोकंच चाललं नाही. ओढणी डोक्यावरून घेतली, पर्समधून रोझरीची माळ काढली आणि त्यांच्यात चालायला लागले. 'नमो मरिये' सुद्धा सुरू केलं.

शेजारची बाई माझ्या ओढणीकडे बघायला लागली. एक माणूस ओरडला, "तुझ्या देशात जा!" तेव्हा कुठं मी फलक वाचले. गावात मशीद होणार आहे ती नको, हा देश ख्रिस्ती आहे, ख्रिस्तीच राहणार. वाट लागली माझी! क्रूस धरणाऱ्याला तर मी ओळखलं. त्याची आई आमच्या होममध्ये असते. रविवारी तिची व्हीलचेअर ढकलत मी तिला चर्चला नेते, आणि हा चर्चमध्ये कधी दिसलेला नाही. मी त्याला रोझरी वर करून दाखवली. त्यानं तोंड फिरवलं.

दुकानवालीनं मला हाताला धरून आत ओढलं, शटर अर्धं खाली घेतलं आणि चहा दिला. ओढणी बघून तिला वाटलं मी तिच्यातलीच, मुसलमान. गळ्यातला क्रूस दाखवला तर हसली आणि अजून साखर घातली. खरं सांगू? मला तिचाही हेवा वाटला. तिला निदान ठाऊक आहे लोक तिच्यावर कशासाठी भुंकतात. मी मात्र तिच्या नावाच्या शिव्या खाऊन आले.

आणि त्या क्रूसवाल्याचा तर राग आला, आणि तेवढाच हेवाही वाटला. त्याला 'आमच्या स्वर्गातील बापा' धड येत नसेल, तरी क्रूस त्याचा. मला दोन भाषांत येतं, तरी मी परकी. रविवारी त्याच्या आईला नेलं मी, नेहमीसारखं. म्हातारीचा काय दोष?

आणि काल तुझा मेसेज. "यंदा आपल्या घरची रोझरी मी सांगू का? मान तुझा, पण तू काही येत नाहीस ना."

नाही, फिलू. तुझ्याकडे गल्ली आहे, रोज येता-जाता क्रूस आहे, तू कुणाची हे तुला कुणी विचारत नाही. तुला अजून काय काय देऊ? ही एक संध्याकाळ मी सोडणार नाही. सुट्टी टाकलीय, तिकीट काढलंय. माय चुकली गं. क्रूस सगळीकडे एकच नसतो, माझा वाकोल्यात आहे. चणे भिजत घाल, आणि माझ्या जागेवर बसू नकोस.